शेवरीचा कागद

आमच्या घरात कागदाला आधी हात लावायचा, मग वास घ्यायचा आणि डोळ्यांनी शेवटी बघायचं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती रीतच होती. पुण्याचे कागदाचे गठ्ठे छोट्या रेल्वेनं बारामतीला उतरले की ते वरचा ताव काढून बोटांत चोळत, कानाजवळ नेऊन फडफडवत, आणि "बरा हाय" किंवा "पाणीच हाय निस्तं" एवढंच बोलत. छापखाना म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मधे दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. अलीकडे आई भाकरी थापायची आणि पलीकडे आप्पा पायानं चालवायचं छपाईचं यंत्र चालवायचे. दोन्ही आवाज एका तालात पडले की आप्पा तिकडून म्हणायचे, "अगं, जरा दमानं थाप, माझा पाय चुकतोय." आई म्हणायची, "चुकंना का. माझी भाकरी करपंल." शाई, रॉकेल आणि भाजणारी ज्वारी यांचा मिळून जो एक वास होता तो मला पुढं कुठल्याच घरात मिळाला नाही. मी शोधत होते असंही नाही. पण नवीन घरात पाऊल टाकलं की नाक आपोआप त्याची वाट बघायचं.

आप्पा मळ्यातले. धाकट्या भावाकडे जमीन सोडून ते गावात आले आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले, म्हणून आमच्या भाऊबंदांत त्यांना थोडं वेडं समजत. मी मराठी सातवी झाले होते आणि लग्न ठरत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला खिळ्यांच्या खणांपुढे बसवलं. शिशाचे बारके खिळे उलटे वाचायचे, उलटे लावायचे. मला ते काम आवडे, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

माझा थोरला भाऊ रामचंद्र, आमचा दादा, पुण्याजवळ एका कागदाच्या गिरणीत रसायनखात्यात होता. कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकून तो तिथं लागला. एका सुट्टीत तो घरी आला आणि परत गेला नाही. गिरणीनंच त्याला पाठवून दिलं होतं. आईनं त्याची ताट-वाटी वेगळी केली, त्यावरून मला कळलं. घरात त्या दुखण्याचं नाव कुणी घेतलं नाही. 'खोकला' म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा, शेळीचं दूध द्या. म्हणून त्याला अंथुर्ण्याला मामाच्या मळ्यात न्यायचं ठरलं. त्याच्या देखभालीला मी.

मामाचा पानमळा होता, कालव्याच्या पाण्यावरचा. नागवेलीला चढायला आधार लागतो म्हणून शेवरी आणि पांगारा दाट लावलेला. आत शिरलं की भर उन्हातही हिरवा अंधार असे, आणि ओल्या मातीचा गारवा पायांना लागे. मळ्याच्या कडेला एका छपरीत दादाची बाज टाकली होती. मामी सकाळी हुलग्याचं माडगं करायची. दादाला ते आवडत नसे, पण मामी समोर उभी राहायची, वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायची नाही. मळ्यात वेळोवेळी शेवरीच्या जुन्या काठ्या काढून बांधावर टाकत. पहिल्याच आठवड्यात दादानं त्यातली एक काठी मोडली, दातानं सोलली, धागे बोटांत घोळवले आणि उन्हात धरून त्याच्या भिंगातून बघत बसला. ते भिंग तो गिरणीतून येताना घेऊन आला होता. "इंदू," तो म्हणाला, "याचा कागद होईल."

गिरणीत बांबू आणि चिंध्यांचा कागद करत. दादाचं म्हणणं होतं की आपल्याकडच्या झाडांच्या लाकडाचा लगदा करून बघायचा. ज्या लाकडाचे धागे आखूड त्याचा कागद गुळगुळीत होतो, त्यावर अक्षर रेखीव उठतं, पण तो फाटतो लवकर. लांब धाग्याचा कागद चिवट, पण त्याच्यावर अक्षर खडबडीत येतं. दोन्ही गुण एकत्र आणायचे. मग त्यावर काय छापायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. मराठी शाळेतल्या मुलांसाठी, आपल्याच कालव्याकाठच्या झाडांवर एक लहानसं पुस्तक. पहिलं पान त्यानं मला सांगितलं, मी लिहून घेतलं. ते शेवरीवरच होतं.

मामा म्हणाला, "लग्नाच्या पत्रिका छाप की त्यावर. लोक बघत्याल तरी."

"पत्रिका लोक चार दिवसांनी चुलीत घालतात मामा," दादा म्हणाला. "मला घरात राहणारा कागद करायचाय."

हे त्यानं सहज म्हटलं होतं. आपण स्वतः राहणार नाही हे तोवर त्याला पक्कं माहीत होतं असं मला आता वाटतं. तेव्हा मी एवढाच विचार केला की याला काहीतरी करायला मिळालं, बरं झालं.

पहिल्यांदा आम्ही बाभळीचं लाकूड घेतलं, कारण त्याचे धागे अगदी आखूड. चुन्यात आणि धुण्याच्या सोड्यात शिजवायला मोठं भांडं हवं होतं. गुऱ्हाळ बंद झालं होतं, तेव्हा मामाची गूळ आटवायची लोखंडी काहील रिकामीच होती. दिवसभर जाळ घातला. दुपारनंतर झाकण काढलं तर आत काळंनिळं पाणी, आणि लगदाही तसाच. कितीही धुतला तरी जाईना. मामा काठावर उभा राहून म्हणाला, "पिठलं बरं जमलंय. भाकरी आणू का?" दादा हसत सुटला. हसता हसता खोकला आला तेव्हा मी त्याला धरून बसवलं. "बाभळीची साल आणि लोखंड," तो दम घेत म्हणाला. "माझा पंतोजी ह्याचीच बोरू बुडवायची शाई करायचा. मी कागद करायला निघालो आणि शाई करून बसलो."

नंतर मामीचा तांब्याचा हंडा घेतला. मामीनं तो दिला, पण उखळ दिलं तेव्हा कुरकुर केली. "ह्या उखळात मी आता मिरची कशी कुटू? कागदाची चटणी खायाची का आमी?" तरी लगदा कुटायला तीच पुढं असायची. मी आणि ती समोरासमोर, मुसळं आळीपाळीनं पडायची. कुटलेला लगदा पाण्यात कालवायचा, बारीक तारेच्या साच्यानं उचलायचा, आणि तो ओला पापुद्रा पसरलेल्या कापडावर उलटायचा. कापड म्हणून आधी धनगराची घोंगडी घेतली, तर पहिल्या तावांत काळे केस आले. मग आईचं जुनं लुगडं आलं. छपरीच्या सारवलेल्या भिंतीला आम्ही ओले ताव चिकटवायचो. वाळले की ते आपोआप सुटून खाली पडायचे, आणि बाजेवर पडल्या पडल्या दादाला तो आवाज ऐकू यायचा. "एक पडला," तो म्हणायचा.

छापून बघायला ताव बारामतीला जायचे. मामाच्या वांग्यांची आणि दोडक्यांची गाडी बाजाराला निघाली की टोपलीवर दोन फळ्यांत बांधून मी ते द्यायची. आप्पांना हा उद्योग मान्य नव्हता. "पोरगं बरं व्हायला पाठवलंय का लगदा ढवळायला?" असं त्यांनी आईला विचारलं होतं, आणि भेटायला आलेल्या आईनं तो प्रश्न मला जसाच्या तसा सांगितला होता. पण मी लिहून पाठवलेलं पुस्तकाचं ते पहिलं पान त्यांनी स्वतः खिळ्यांत जुळवून, दोऱ्यानं तसंच बांधून ठेवलं होतं, आणि प्रत्येक गाडीच्या परतीला छापलेले ताव मोकळ्या टोपल्यांत परत यायचे. समासात शिसपेन्सिलीनं आप्पांचे दोन-तीन शब्द असायचे. आप्पांचं आणि दादाचं आयुष्यात एवढं बोलणं कधी झालं नसेल. समोरासमोर बसले की ते फक्त पावसापाण्याबद्दल बोलायचे.

पांगाऱ्याच्या तावांवर आप्पांनी लिहिलं, 'शाई पसरली. खिळ्यांत लोकर भरते.' ते खरंच होतं. पांगारा मऊ, त्याचा कागद टीपकागदासारखा शाई पिऊन टाकायचा, सगळी अक्षरं सुजल्यासारखी दिसायची, आणि सुटलेला भुगा खिळ्यांच्या पोटात जाऊन बसायचा. बाभळीच्या तावांवर लिहिलं, 'धार चांगली. ठिपके का?' दादा त्या तावावर भिंग धरून सबंध सकाळ बसला. काळ्या अक्षरांत सुई टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके होते. त्यानं मलाही दाखवलं. लाकडात पाणी वर चढवणाऱ्या रुंद नळ्या असतात. त्या बाकीच्या धाग्यांत गुंतत नाहीत, कागदावर नुसत्या पडून राहतात. छपाईची शाई चिकट असते. खिळा दाबून उचलला की त्याच्याबरोबर नळी उचकटून येते आणि तिची जागा पांढरी राहते. "शाई जितकी दाट तितकी ती जास्त उपटणार," दादा म्हणाला. "पातळ केली तर ठिपके दिसायचे नाहीत. पण मग तो कागद चांगला झाला असं नाही. ती लबाडी झाली."

शेवरीवर तो शेवटी आला. तिचा लगदा गोरा होता, धागे बाभळीपेक्षा लांब. नळ्या तिच्यातही होत्या. त्या चेचल्या जाव्यात म्हणून त्यानं आम्हाला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कुटायला लावलं. लगदा ताकासारखा होईपर्यंत. मामी म्हणाली, "रामा, तुझ्या पुस्तकात माझ्या खांद्याचं नाव घाल बाबा." त्यात त्यानं थोडा बाभळीचा लगदा मिसळला, आणि आईच्या त्याच लुगड्याचा जो भाग फाटला होता तो कुटून घातला. ताव वाळल्यावर त्यांना चिंचोक्याची खळ द्यायची त्याला सुचलं. धनगर घोंगडीला कडकपणा यायला हीच खळ देतात. ती दिली की सुट्या नळ्या जागच्या जागी डकतील. मग गुळगुळीत गोट्यानं मी एकेक ताव घोटला.

असा एक गठ्ठा तयार झाला. फार मोठा नाही. कागद दुधावरच्या सायीच्या रंगाचा होता आणि फडफडवला की खणखणीत वाजायचा. तोवर दादाला बाजेवरून उठवत नव्हतं. उशाला थुंकायचं, राख घातलेलं मातीचं भांडं असायचं, ते मी दिवसातून कितीदा बदलायची. मामी आता वाटी रिकामी व्हायची वाट बघत नसे. भाजीच्या गाडीबरोबर गठ्ठा गेला आणि आम्ही वाट बघत राहिलो.

या वेळी ताव टोपलीतून आला नाही. आप्पा स्वतः आले. दुपारची वेळ होती, कालव्याच्या वाटेनं चालत आले, आणि धोतराच्या सोग्याला धूळ लागली होती ती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. छपरीत येऊन त्यांनी आधी दादाकडे बघितलं. तीन आठवड्यांत त्यांनी त्याला बघितलं नव्हतं. मग सदऱ्याच्या आतून पुठ्ठ्यांत ठेवलेला एक छापलेला ताव काढला आणि त्याच्या हातात दिला.

दादानं भिंग मागितलं. भिंग त्याच्या हातात, ताव मी धरला. तो एकेका ओळीवरून सरकत गेला. खूप वेळ लागला. बाहेर मामा पाटाचं पाणी फिरवत होता त्याच्या फावड्याचा आवाज येत होता.

"ठिपका नाही," दादा म्हणाला.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"शाई नेहमीचीच ना आप्पा? पातळ नाही केली?"

"नेहमीचीच," आप्पा म्हणाले. "तिला काय हुतंय."

दादानं भिंग खाली ठेवलं. "अक्षर जरा फिकट वाटतं."

"मशीन हलकं दाबलं. नवा कागद, म्हनलं फाटंल."

दादानं मान हलवली आणि ताव छातीवर ठेवून डोळे मिटले. आप्पा त्याच्या पायाशी बसून राहिले. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाले. जाताना त्यांनी दादाच्या पायांवरची वाकळ सारखी केली, ती आधीच सारखी होती.

त्यानंतर तो चार-सहा दिवसच होता. तो गेल्यावर त्याला अंथुर्ण्यालाच पोचवलं, मळ्याच्या पलीकडे. त्या गोष्टीबद्दल मला लिहिता येत नाही. पूर्वीही दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं आहे.

बारामतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी आप्पा पडदा सारून छापखान्यात गेले. गावोगावच्या नातलगांना कळवायला हवं होतं. दिवस कुठं, कधी, हे सगळं. अशी पत्रं त्यांनी आयुष्यभर लोकांची छापली होती. मी खणांपुढे बसले. मजकूर नेहमीचाच, आमच्याकडे पाठ असलेला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे चिरंजीव रामचंद्र यांस देवाज्ञा झाली.' अर्ध्यात खिळे संपले. आमच्या छापखान्यात खिळे कमीच असत, आणि त्या मोठ्या टायपातले बहुतेक त्या बांधून ठेवलेल्या पानात अडकले होते.

"ते पान सोड," आप्पा म्हणाले.

मी दोरा सोडला. शेवरीवरचं पान ओळीओळीनं उचलून खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकले, आणि त्यातलेच पुन्हा उचलून पत्र पुरं केलं.

कागद कोणता घ्यायचा हे मी विचारलं नव्हतं. गिरणीचे ताव मांडणीत होते. आप्पांनी फळीवरून दादाचा गठ्ठा खाली काढला, अंगठ्यानं वरचा ताव चोळला, कानाशी नेला. "ह्योच," म्हणाले. आई पडद्याशी उभी होती. तिचं लुगडं त्यात होतं.

शाईच्या पाटीशेजारी शाई पातळ करायच्या जवसाच्या तेलाची बाटली होती. आप्पांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली, डब्यातून शाई काढली आणि तशीच, दाट, रुळांवर चढवली. पहिला ताव निघाला तो त्यांनी दारातल्या उजेडात नेला. दादाचं भिंग त्यांच्या खिशात होतं हे मला तेव्हा समजलं. ते बराच वेळ बघत राहिले. अक्षरं काळीभोर होती, काठ कातरल्यासारखे. मीही जवळ जाऊन पाहिलं. रामचंद्र या नावात, देवाज्ञा या शब्दात, कुठंही एक पांढरा ठिपका नव्हता.

"तेल नसतं घातलं तरी चाललं असतं," आप्पा म्हणाले.

ते माझ्याशी बोलले नव्हते. मग ते यंत्रावर उभे राहिले आणि पाय मारायला लागले. आत त्या दिवशी भाकरीचा आवाज नव्हता. गठ्ठा संपेपर्यंत ते थांबले नाहीत. इतकी पत्रं लागणार नव्हती, तरी छापली. उरली ती त्यांनी आठवून आठवून लांबच्या माणसांना पाठवली. सांगवीच्या, लासुर्ण्याच्या, कधी काळी एकदा भेटलेल्या कुणाकुणालाही. प्रत्येक पत्राचा एक कोपरा मी फाडला, तशी रीत आहे, म्हणजे हातात घेतल्याबरोबर समजतं.

तेराव्यानंतर दादाचं अंथरूण-पांघरूण आवरायला मी अंथुर्ण्याला गेले. मामीच्या न्हाणीपाशी, पाणी तापवायच्या चुलीजवळ, सायीच्या रंगाचे कपटे पडले होते. एकावर 'चिरं' एवढंच होतं. मी ते हातात घेऊन मामीकडे गेले.

मामी म्हणाली, "आलं त्याच दिशी फाडलं बाय. आसलं पत्र घरात ठिवत्यात व्हय?"

ठेवत नाहीत. दुःखाचं पत्र वाचलं की फाडायचं, घरात राहू द्यायचं नाही, हे आमच्या मुलखात कुणालाही माहीत असतं. आप्पांना तर सगळ्यांत जास्त. मलाही. आईलाही. आम्ही तिघं त्या दिवशी त्या खोलीत होतो आणि तिघांच्याही मनात ते आलं नाही. मी परत येऊन सांगितलं तेव्हा आप्पा खिळे पुसत होते. ते पुसतच राहिले. संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं, "लुगडं हाय का अजून थोडं?" आई म्हणाली, "न्हाय." पुन्हा कागद करायचा विषय आमच्या घरात निघाला नाही. काय किती कुटायचं, किती मिसळायचं, ते दादाच्या अंदाजात होतं. त्यानं ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं, कारण त्याला अजून एकदा करून बघायचं होतं.

आता आप्पा नाहीत, आई नाही, मामा-मामी तर केव्हाच गेले. पुढं मी शाळेत शिकवलं, मुलं झाली, नातवंडं झाली. माझ्या ट्रंकेत बाभळीचे ठिपक्याचे ताव आहेत, पांगाऱ्याचे सुजलेल्या अक्षरांचे आहेत. शेवरीचा एकच आहे, दादाच्या छातीवरून मी उचलून घेतलेला. जवसाचं तेल इतक्या वर्षांत कागदात पसरत गेलं आहे. प्रत्येक अक्षराभोवती तपकिरी कडं धरलं आहे, आणि मागच्या बाजूनं सगळं पान पिवळं झालं आहे.

माझा धाकटा नातू पुण्यात छपाईच्या धंद्यात आहे. त्याला मागच्या दिवाळीत मी तो ताव दाखवला. त्यानं खिडकीशी नेऊन आडवा-उभा पाहिला, बोटांत चोळला. नकळत त्यानं कानाजवळही नेला. "आजी, छपाई ठीक आहे," तो म्हणाला, "पण कागद वाईट होता."

"कागद चांगला होता," मी म्हणाले. "शाईत तेल होतं."

"असेल," तो म्हणाला, आणि त्यानं मान हलवली. दादानं आप्पांपुढे हलवली होती तशी.